‘यामागचं इकॉनॉमिक्स’ म्हणताना आपण नेमकं काय म्हणतो?

माळरान

बोलण्यात हल्ली हा शब्द सारखा येतो. सिनेमा पडला की ‘त्याचं इकॉनॉमिक्सच गंडलं होतं’. एखादं अ‍ॅप काहीतरी फुकट देऊ लागलं की ‘यांना परवडतं कसं, इकॉनॉमिक्स काय असेल?’ घर विकत घ्यावं की भाड्याने राहावं यावर वाद रंगला की कोणीतरी ‘भावना सोडा, इकॉनॉमिक्स बघा’ म्हणतं. छापील मजकुरात ‘अर्थकारण’ असतं, म्हणजे क्रिकेटचं अर्थकारण, निवडणुकीचं अर्थकारण.

या सगळ्या वाक्यांत अर्थ एकच निघतो: पैसे किती आले आणि किती गेले. त्यासाठी आपल्याकडे जमाखर्च, ताळेबंद, नफातोटा असे नेमके शब्द आहेत आणि ते अजून झिजलेले नाहीत. मग या शब्दाकडून आणखी काही काम करून घेता येईल का, यावर बोलावं म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं. हिशेब जिथे संपतो तिथून अर्थशास्त्राचा प्रश्न सुरू होतो. लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ मध्ये जी व्याख्या केली ती आजही बहुतेक पाठ्यपुस्तकांत पहिल्या प्रकरणात असते: माणसाची उद्दिष्टं अनेक, साधनं अपुरी आणि त्या साधनांचे पर्यायी उपयोग होऊ शकतात, अशा वेळी माणूस कसा वागतो याचा अभ्यास म्हणजे अर्थशास्त्र. या व्याख्येत पैसा हा शब्दच नाही. वेळ, जमीन, पाणी, लक्ष, दवाखान्यातली खाट, काहीही अपुरं असू शकतं.

यातूनच ‘संधी-खर्च’ ही कल्पना येते. ती नावारूपाला आणली ती ऑस्ट्रियाच्या फ्रिडरिख फॉन वीझर यांनी. एखादी गोष्ट करताना जो सर्वांत चांगला पर्याय हातचा जातो, तो त्या गोष्टीचा खरा खर्च. स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारा म्हणतो, मला राहायला काही लागत नाही. हिशेबनीसाच्या वहीत भाडं शून्य. अर्थशास्त्राच्या वहीत मात्र ते घर दुसऱ्याला देऊन जे भाडं मिळालं असतं, तो खर्च दरमहा पडत असतो. दोन वर्षं नोकरी सोडून शिकायला गेलेल्या माणसाचा मोठा खर्च फी नसते, न मिळालेला पगार असतो. रांगेत उभं राहून ‘फुकट’ मिळालेल्या वस्तूला तीन तास लागलेले असतात.

तेव्हा ‘इकॉनॉमिक्स बघा’ म्हणणारा माणूस यातलं किती बघतो, हा माझा प्रश्न आहे.

काजवा

धागा चांगला आहे, पण पहिल्याच मुद्द्याशी असहमत. शब्द लोक जसा वापरतात तसा त्याचा अर्थ होतो. आणि लोकांचा वापर एवढा चुकीचाही नाही. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० च्या ग्रंथात अर्थशास्त्राला ‘जीवनाच्या नित्य व्यवहारातल्या माणसाचा अभ्यास’ म्हटलं. रॉबिन्स यांच्यापेक्षा मला ही व्याख्या जवळची वाटते, कारण ती माणसापासून सुरू होते.

मार्शल यांनी पैशाला एवढं महत्त्व का दिलं तेही पाहा. माणसाच्या मनातली ओढ मोजायला दुसरं साधन नाही. मला एखादी गोष्ट किती हवी आहे हे मी शब्दांत कितीही सांगितलं तरी तुम्हाला तोलता येणार नाही. तिच्यासाठी मी किती द्यायला तयार आहे त्यावरून अंदाज येतो. तेव्हा पैसा हा अभ्यासाचा विषय नसेल, पण मोजपट्टी तर आहे. सामान्य माणूस मोजपट्टीकडे बोट दाखवून बोलतो, एवढंच.

तळटीप

दोघांच्या मध्ये थोडा इतिहास घालतो, कारण हा शब्द मुळात पैशाचाही नव्हता आणि निवडीचाही नव्हता.

ग्रीक ‘ऑइकोस’ म्हणजे घर, सगळा बारदाना धरून: माणसं, जमीन, गुरं, गुलाम, कोठार. त्याची व्यवस्था लावणं म्हणजे ‘ऑइकोनोमिया’. झेनोफोनचा इसवी सनपूर्व चौथ्या शतकातला या विषयावरचा संवाद आजही वाचायला मिळतो, आणि त्यात शेती कशी करावी, भांडी कुठे ठेवावीत, घरातली कामं कोणी वाटून घ्यावीत असलंच सगळं आहे. देशाचा त्याच्याशी संबंध नाही.

१६१५ मध्ये आंत्वान द माँक्रेत्यां या फ्रेंच लेखकाने आपल्या ग्रंथाच्या नावात ‘राजकीय’ हे विशेषण त्याला जोडलं. घराची व्यवस्था असते तशी राज्याचीही असते, हा विचार त्यामागे होता. पुढची जवळजवळ अडीचशे वर्षं या विषयाचं नाव ‘पोलिटिकल इकॉनॉमी’ असंच होतं. अ‍ॅडम स्मिथ, रिकार्डो, मिल सगळे याच नावाखाली लिहीत होते. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८७९ मध्ये, आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत, हे दोन शब्दांचं लांबलचक नाव टाकून ‘इकॉनॉमिक्स’ म्हणावं असं सुचवलं. मार्शल यांच्या ग्रंथानंतर ते रुळलं. म्हणजे आपण ज्याला प्राचीन समजतो तो शब्द आजच्या अर्थाने जेमतेम दीडशे वर्षांचा आहे.

घराची नीट व्यवस्था म्हणजे काटकसर, हाही अर्थ मध्ये चिकटला आणि तो अजून जिवंत आहे. विमानातला इकॉनॉमी क्लास, गोलंदाजाची इकॉनॉमी, म्हणजे षटकामागे किती कमी धावा दिल्या. तिथे कोणालाही बाजार आठवत नाही.

आणि आपला ‘अर्थ’ तर आणखी रुंद. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्र’ ग्रंथाच्या शेवटच्या अधिकरणात (विभागात) अर्थाची फोड आहे: माणसांची उपजीविका म्हणजे अर्थ, माणसं राहतात ती भूमी म्हणजे अर्थ; ती मिळवण्याचं आणि राखण्याचं शास्त्र ते अर्थशास्त्र. त्यात दंड, हेर, तह, किल्ले सगळं येतं. आजच्या भाषेत ते राज्यशास्त्राच्या जास्त जवळ जाईल. ‘अर्थ म्हणजे पैसा’ हे समीकरण फार अलीकडचं आहे.

रानवाट

@तळटीप, प्रतिसाद आवडला. वाचनखूण साठवली आहे.

उंबरठा

घराच्या व्यवस्थेवरून शब्द आला, आणि पुढे मोजणीतून बाहेर काय राहिलं तर घरातलं काम. यावर कोणी बोलणार नसेल तर मी बोलते.

राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची जी पद्धत जगभर चालते तिची सुरुवात सायमन कुझनेट्स यांच्या १९३४ च्या अहवालापासून धरतात. अमेरिकेच्या सिनेटसाठी तो केला होता. घरातल्या बिनपगारी कामाचा आकडा त्यांनी त्यात धरला नाही, पण आपण तो धरत नाही आहोत हे स्पष्ट लिहिलं. या आकड्यावरून देशाचं कल्याण किती हे क्वचितच ठरवता येईल, असा इशाराही तिथेच दिला. त्याआधीच ए. सी. पिगू यांनी या मोजणीतली विसंगती दाखवली होती: एखाद्या माणसाने पगार देऊन ठेवलेल्या घरकामवाल्या बाईशी लग्न केलं, की काम तेवढंच राहतं आणि राष्ट्रीय उत्पन्न मात्र घटतं.

आता माळरान यांचं स्वतःच्या घराचं उदाहरण घ्या. ते नुसतं पाठ्यपुस्तकी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखा-पद्धतीत स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचं मानीव भाडं खरोखर जीडीपीत धरतात. कोणी कोणाला दिलं नाही, कुठे पावती नाही, तरी अंदाज करून धरतात. घरच्या वापरासाठी पिकवलेलं धान्य धरतात. नियमानुसार घरच्यांसाठी दुरून वाहून आणलेलं पाणीसुद्धा उत्पादनात येतं. पण त्याच पाण्यावर केलेला स्वयंपाक, तेच पाणी वापरून घातलेली आजाऱ्याची अंघोळ, मुलाला घेऊन काढलेली रात्र, हे बाहेर. घराच्या भिंती मोजल्या जातात आणि त्या भिंतींच्या आत चाललेलं काम मोजलं जात नाही.

याची कारणं देतात, मला माहीत आहेत. या कामाला बाजारभाव लावणं कठीण. शिवाय ते धरलं तर जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणूस ‘रोजगारात’ गणला जाईल आणि बेरोजगारीच्या आकड्याला अर्थ उरणार नाही. कारणं खरी आहेत. पण त्याचा बोलण्यावर परिणाम झालाच ना. ‘घरी असते, काही करत नाही’ हे वाक्य म्हणणाऱ्याने जीडीपीची व्याख्या वाचलेली नसते, तरी दोन्हींमागची समजूत एकच आहे.

काजवा, तुमची मोजपट्टी मला इथे अपुरी पडताना दिसते. जे मोजता येत नाही ते हळूहळू ‘नाही’ म्हणूनच धरलं जातं.

काजवा

@उंबरठा, मोजपट्टी अपुरी आहे हे मान्य. पण तुम्ही ज्या विसंगती दाखवल्या त्या दाखवणारेही अर्थशास्त्रज्ञच आहेत, हे नोंदवू द्या. मेरिलिन वेअरिंग यांनी १९८८ मध्ये याच लेखा-पद्धतीवर सबंध पुस्तक लिहिलं. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं नोबेल मिळालं ते स्त्रियांच्या श्रमाचा दोनशे वर्षांचा माग काढल्याबद्दल. वेळ-वापर सर्वेक्षणं आता बऱ्याच देशांत होतात आणि त्यांतून घरकामाचे तास तरी कळतात. शास्त्र स्वतःला दुरुस्त करतं. बोलीतला शब्द मागे राहतो.

उंबरठा

तो मागे राहतो म्हणूनच तर हा धागा आहे.

पाणवठा

पैशाशिवायचं अर्थशास्त्र ही कल्पना अनेकांना शब्दच्छल वाटते. त्यांच्यासाठी माझं आवडतं उदाहरण थोडं सविस्तर सांगतो.

मूत्रपिंड विकणं जवळजवळ सगळ्या जगात बेकायदा आहे. इराण हा प्रसिद्ध अपवाद. म्हणजे इथे किंमत नाही, खरेदी-विक्री नाही. तुटवडा मात्र भयंकर आहे. आता असं समजा, की एका रुग्णाला त्याची बहीण मूत्रपिंड द्यायला तयार आहे, पण रक्तगट जुळत नाही. दुसऱ्या गावी दुसरी अशीच जोडी आहे. पहिल्या बहिणीचं दुसऱ्या रुग्णाला चालतं आणि दुसऱ्या दात्याचं पहिल्याला. अदलाबदल केली तर दोघं जगतात. हे कोणालाही सुचेल. पण शेकडो जोड्या असतील, प्रत्येकीच्या रक्तगटाच्या आणि प्रतिपिंडांच्या अटी वेगळ्या असतील, तेव्हा जास्तीत जास्त लोकांना मिळेल अशी साखळी कशी लावायची?

याचं गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली यांच्या कामाकडे जातं. त्यांनी १९६२ मध्ये एक छोटा निबंध लिहिला: महाविद्यालयं आणि विद्यार्थी, किंवा लग्नाळू मुलगे आणि मुली, यांच्या जोड्या अशा कशा लावाव्यात की लावलेली जोडी मोडून पळून जावं असं दोन्ही बाजूंना एकाच वेळी वाटू नये. अ‍ॅल्विन रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे याच शाखेतली साधनं वापरून शाळाप्रवेशाच्या आणि मूत्रपिंड अदलाबदलीच्या व्यवस्था उभ्या केल्या. रॉथ आणि शॅपली यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

यातला एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. दोन जोड्यांच्या अदलाबदलीत चारही शस्त्रक्रिया एकाच वेळी करतात. कारण आज माझ्या बहिणीने दिलं आणि उद्या समोरच्या दात्याचं मन बदललं, तर त्याच्यावर सक्ती करता येत नाही, करूही नये. शब्द पाळला जाईल याची हमी नसताना व्यवहार कसा उभा करायचा, हा अस्सल अर्थशास्त्राचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर शस्त्रक्रियागृहाच्या वेळापत्रकात सापडलं.

तळटीप

@पाणवठा, सुंदर. उलट बाजूचंही उदाहरण आहे, पैसा नसलेल्या ठिकाणी पैसा कसा उगवतो याचं. आर. ए. रॅडफर्ड दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या युद्धकैदी छावणीत होते. सुटल्यावर १९४५ मध्ये त्यांनी त्या छावणीच्या अर्थव्यवस्थेवर निबंध लिहिला. रेड क्रॉसची पाकिटं सर्वांना साधारण सारखीच मिळत, पण आवडी वेगळ्या. देवाणघेवाण सुरू झाली आणि पाहता पाहता सिगारेट हे चलन झालं. न ओढणारेही सिगारेटी घेऊ लागले. चांगल्या जातीच्या सिगारेटी लोक ओढून टाकत आणि हलक्या जातीच्या व्यवहारात फिरत, म्हणजे वाईट नाणं चांगल्या नाण्याला हुसकावतं हा जुना नियम तिथेही लागू. सिगारेटींचा नवा साठा आला की भाव चढत, साठा ओढून संपत आला की भाव उतरत.

कोणी ठरवून केलं नाही. उत्पादन नाही, मजुरी नाही, सरकार नाही, आणि तरी भाव होते, उधारी होती, दलाल होते.

नवखा वाचक

मी यंदा हा विषय घेतला आहे. एक प्रश्न. संधी-खर्च वाचून कळतो, पण ‘ज्याला जे सगळ्यात चांगलं जमतं त्याने ते करावं’ एवढंच सांगायला एवढा मोठा शब्द कशाला? ते तर सगळे म्हणतातच.

पाणवठा

सगळे म्हणतात ते आणि अर्थशास्त्र म्हणतं ते वेगळं आहे. रिकार्डो यांनी १८१७ मध्ये दिलेले आकडे कागदावर मांडून बघा. ठरावीक कापड विणायला इंग्लंडमध्ये वर्षभर १०० माणसं लागतात आणि ठरावीक द्राक्षमद्य करायला १२०. पोर्तुगालमध्ये त्याच कापडाला ९० आणि मद्याला ८०. दोन्ही कामांत पोर्तुगाल सरस. ‘ज्याला चांगलं जमतं त्याने करावं’ हा नियम लावला तर सगळं पोर्तुगालनेच करावं आणि इंग्लंडने हात बांधून बसावं.

आता माणसं मोजू नका, हातचं काय जातं ते मोजा. पोर्तुगालने ९० माणसं कापडाला लावली तर तेवढ्यांत होणारं सव्वाअकरा दशांश, म्हणजे १.१२५ पट मद्य हातचं जातं. इंग्लंडने १०० माणसं कापडाला लावली तर मद्याचा सहावा भाग वगळता उरलेलाच भाग जातो, म्हणजे एका भागापेक्षा कमी. म्हणजे पोर्तुगालमध्ये माणसं कमी लागत असूनही कापड तिथे महाग आहे, मद्याच्या हिशेबात महाग. इंग्लंडने कापड करावं, पोर्तुगालने मद्य, आणि अदलाबदल करावी. दोघांनाही घरी करण्यापेक्षा स्वस्त पडतं.

जो दोन्ही कामांत मागे आहे त्यालाही व्यवहारात जागा आहे, हे या आकड्यांतून निघतं. नुसत्या शहाणपणाने ते निघत नाही. त्या जागेवर त्याला किती मिळेल हा वेगळा प्रश्न, आणि कापड सोडून मद्याकडे वळताना मधल्या काळात विणकराचं काय, हा तर फारच वेगळा. रिकार्डोंचे आकडे त्यावर गप्प आहेत.

नवखा वाचक

९० ला ८० ने भागलं, १०० ला १२० ने भागलं. पहिलं एकपेक्षा जास्त, दुसरं कमी. आता कळलं. धन्यवाद.

शून्यवेळ

मला शब्दाच्या आणखी एका वापराबद्दल बोलायचं आहे. ‘अर्थशास्त्र असं सांगतं’ म्हणून वाद बंद करण्याचा.

अर्थशास्त्र काय होतं ते सांगू शकतं, काय व्हावं ते सांगू शकत नाही. भाडं गोठवलं तर नवी घरं कमी बांधली जातील का, हा पहिल्या जातीचा प्रश्न. आकडे गोळा करून त्यावर भांडता येतं. आज राहणाऱ्याचं छप्पर महत्त्वाचं की उद्या येणाऱ्याचं, हा दुसऱ्या जातीचा. त्यावर मत द्यायचा अधिकार सगळ्यांना सारखा आहे. पण बोलताना दुसरं मत पहिल्याच्या पोशाखात येतं आणि समोरचा माणूस आपल्याला विषय कळत नाही असं समजून गप्प बसतो. असं गप्प बसलेली माणसं मी खूप पाहिली आहेत, म्हणून हे पोटतिडकीने लिहितो आहे.

‘निराशाजनक शास्त्र’ हे अर्थशास्त्राचं टोपणनाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं आणि ते माल्थसच्या लोकसंख्येच्या भाकितावरून पडलं असं सर्रास सांगितलं जातं. ते थॉमस कार्लाइल यांच्या १८४९ च्या निबंधातून आलं. वेस्ट इंडीजमधल्या मुक्त झालेल्या काळ्या लोकांना पुन्हा सक्तीने कामाला जुंपावं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि मागणी-पुरवठ्याच्या गोष्टी करून माणसांना मोकळं सोडणारे अर्थशास्त्रज्ञ त्यांना रुक्ष वाटत होते. ‘काय व्हावं’ याचं भांडण होतं ते, अगदी उघड.

आणि ‘काय होतं’ यातसुद्धा ठाम बोलणाऱ्यांनी सबुरी ठेवावी. इस्रायलच्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचा अभ्यास उरी नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला. मुलांना घ्यायला पालक उशिरा येत, म्हणून १० पैकी ६ पाळणाघरांत उशिरासाठी दंड लावला. किंमत वाढली की मागणी घटते, हा पहिला धडा. झालं उलटं, उशीर जवळपास दुप्पट झाला. आधी शिक्षिकेला ताटकळत ठेवल्याची टोचणी होती; दंड आल्यावर तो एका सेवेचा दर झाला. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर पूर्वपदावर आला नाही.

काजवा

@शून्यवेळ, या उदाहरणावरून ‘अर्थशास्त्र खोटं ठरलं’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. टोचणी हीसुद्धा एक किंमतच होती. दंडाने ती पुसली आणि तिच्या जागी स्वस्त किंमत लावली. दंड पुरेसा मोठा असता तर उशीर घटलाही असता.

शून्यवेळ

असता. पण दंड काढल्यावरही टोचणी परत का आली नाही, याचं उत्तर तुमच्या ‘टोचणी हीसुद्धा किंमतच’मध्ये मला सापडत नाही. किंमत काढली की जुना भाव परत यायला हवा. नातं एकदा दरपत्रकावर गेलं की ते तिथेच राहिलं.

काजवा

यावर विचार करून लिहितो.

रानवाट

रोजच्या बोलण्यातला एक वाक्प्रचार राहिला: ‘पैसे वसूल’. सिनेमा रटाळ आहे हे मध्यंतरालाच कळतं, तरी तिकिटाचे पैसे वसूल करायचे म्हणून आपण शेवटपर्यंत बसतो. पैसे तर दोन्हीकडून गेलेलेच. बसल्याने वर दीड तास जातो. बुडालेला खर्च पुढच्या निर्णयात धरू नये, हे अर्थशास्त्र शिकवतं आणि ते पाळणं सगळ्यात अवघड. मोठमोठे सरकारी प्रकल्प ‘एवढा खर्च झालाय, आता थांबता येणार नाही’ म्हणत रेटले जातात, तेही हेच. ब्रिटन आणि फ्रान्सने काँकॉर्ड विमान असंच रेटलं, म्हणून या चुकीला काही जण काँकॉर्डचंच नाव देतात.

माळरान

सगळे प्रतिसाद वाचले. काजवा यांचा शब्दांबद्दलचा मुद्दा मी मान्य करतो, लोकांना शब्द कसा वापरावा हे शिकवायला कोणी जाऊ नये. माझी तक्रार आता जरा नेमकी मांडतो.

‘याचं इकॉनॉमिक्स जमत नाही’ या वाक्यात कोणाचं, हे नसतं. ‘परवडत नाही’ म्हटलं की निदान कोणाला असा प्रश्न लगेच येतो. हा शब्द आला की तो प्रश्न पडत नाही, जणू हिशेब निसर्गनियमाने झाला आहे. तोट्यात चालणारी शेवटची बस बंद करताना ‘इकॉनॉमिक्स जमत नाही’ म्हणतात. बस चालवणाऱ्याचं जमत नाही, हे खरं. पण रात्रपाळी संपवून त्या बसने घरी जाणाऱ्या माणसाने ती नोकरी सोडली, त्याच्या मालकाला दुसरा माणूस शोधावा लागला, कोणी कर्ज काढून दुचाकी घेतली, हे सगळे खर्चच आहेत. ते झाले, फक्त त्या एका वहीत उतरले नाहीत. पिगू यांनी १९२० मध्ये हेच मांडलं: करणाऱ्याला पडणारा खर्च आणि समाजाला पडणारा खर्च यांत अंतर पडतं. धूर सोडणाऱ्या कारखान्याला धुराचे पैसे पडत नाहीत, धूर पोटात घेणाऱ्याला औषधाचे पडतात.

कदाचित सगळे खर्च धरूनही ती बस बंद करणंच योग्य निघेल. त्याच चालकाला आणि त्याच गाडीला दुसऱ्या मार्गावर जास्त लोकांची सोय करता येत असेल. ते मला चालेल, कारण तेव्हा खरोखर अर्थशास्त्र झालेलं असेल. फ्रेदेरिक बास्तिया यांनी १८५० मध्ये लिहिलं, की वाईट अर्थशास्त्रज्ञ दिसणारा परिणाम बघतो आणि चांगला न दिसणाराही. ते सरकारी खर्चाच्या विरोधात लिहीत होते. मी त्यांचाच मुद्दा उलट्या बाजूने वापरतो आहे आणि तो तिथेही तितकाच लागू पडतो.

काजवा

इथे पूर्ण सहमत. आणि घर व देश यांची सरमिसळ हाही यातलाच प्रकार. ‘घर चालवायला काटकसर लागते, तशी देशालाही’ हे वाक्य सगळ्या पक्षांच्या भाषणांत येतं. घराने खर्च कमी केला तर घराचं उत्पन्न घटत नाही. सगळ्यांनी एकाच वेळी केला तर घटतं, कारण एकाचा खर्च हेच दुसऱ्याचं उत्पन्न. केन्स यांनी १९३६ मध्ये मंदीच्या काळाबद्दल हेच दाखवलं. तळटीप यांनी सांगितलेला ‘घराची व्यवस्था’ हा मूळ अर्थ आपल्या डोक्यात इतका खोल आहे, की देशाचा विचारही त्याच चौकटीत होतो.

पाळणाघराचं उत्तर अजून बाकी आहे, विसरलेलो नाही.

उंबरठा

@काजवा, त्या उत्तरासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम वाचून बघा असं सुचवते. राज्यशास्त्राच्या अभ्यासक, आणि २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारी पहिली स्त्री. सामाईक कुरण, पाणी, मासेमारी यांचा नाश ठरलेलाच, त्यामुळे एकतर खासगी मालकी करा नाहीतर सरकारकडे द्या, असं १९६८ च्या गॅरेट हार्डिन यांच्या निबंधानंतर सगळे धरून चालले होते. ऑस्ट्रॉम यांनी प्रत्यक्ष शेकडो वर्षं टिकलेल्या सामाईक व्यवस्था शोधून काढल्या आणि त्यांचे नियम तपासले.

त्यातलं स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावचं उदाहरण माझ्या लक्षात राहिलं आहे. तिथला १५१७ चा नियम असा: हिवाळाभर जितक्या गाई तुम्ही घरी पोसू शकता तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर पाठवायच्या. हिवाळ्याचा चारा ज्याचा त्याच्या जमिनीतला, त्यामुळे उन्हाळ्यापुरत्या जास्तीच्या गाई विकत आणून कुरणावर सोडण्याची सोयच उरत नाही. दर नाही, लिलाव नाही. मोजायलाही सोपं, कारण कोणाच्या गोठ्यात हिवाळ्यात किती गाई होत्या हे गावात सगळ्यांना दिसतं. नियम मोडला तर दंड होता, आणि दंड वसूल करणारा गावानेच निवडलेला असे. तिथे दंडाचा दर झाला नाही. हैफात झाला. दोन्हीकडे दंड कोणी ठरवला, एवढा फरक पुरतो की आणखी काही लागतं, यावर तुमचं काय मत आहे ते लिहा.